सातबाऱ्यावर नसलेला माणूस

धायगुडे सरांच्या शोकसभेला महाविद्यालयाच्या फाटकावर जो फ्लेक्स लागला, त्यात सरांच्या पाठीमागे लंडनचा घड्याळाचा मनोरा डकवलेला होता. मनोरा जरा कललेला होता आणि त्यात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळांच्या दुकानात टांगलेल्या सगळ्या घड्याळांत होतात तेवढीच. खाली लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे विचारवंत'. सभेत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सांगितलं की सर इंग्लंडात शिकूनही मातीला विसरले नाहीत. दुसऱ्यांनी ऑक्सफर्डचं नाव घेतलं. तिसऱ्यांना सरांचं नाव आठवेना, म्हणून त्यांनी शेवटपर्यंत 'दिवंगत सर' असं म्हणून वेळ निभावून नेली.

मी मागच्या रांगेत होतो. सर इंग्लंडला कधीच गेले नव्हते. मुंबईलासुद्धा ते तीनदाच गेले, त्यातलं एकदा बायकोच्या दवाखान्यासाठी. उठून हे सांगावं असं मला वाटलं होतं, पण शोकसभेत दुरुस्ती मांडण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या महाविद्यालयात सरांनी तीस-बत्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ब्रिटनची शासनव्यवस्था हा त्यांचा पेपर. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढे तिथेच ग्रंथपाल झालो, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा-माझा रोजचा संबंध राहिला. सर ठेंगणे, काळेसावळे, आणि बाराही महिने कोटात. सांगलीच्या मे महिन्यात कोट घालणारा माणूस एकतर वकील असतो किंवा नवरदेव. सर दोन्ही नव्हते. विचारलं तर म्हणत, "आमच्या घरात लोकर अंगावर असल्याशिवाय कुणी दाराबाहेर पडत नसे."

घर म्हणजे लोणंदच्या अलीकडची एक वाडी. मेंढरं राखणारं घराणं. वडील चार महिने घरी आणि आठ महिने कोकणाच्या वाटेवर. मुलं सरांना पाठीमागे 'लॉर्डसर' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरचं उत्तर ते दर वर्षी पहिल्याच तासाला देत. "त्यांच्या लॉर्डांच्या सभागृहात अध्यक्षाला बसायला खुर्ची नसते. लोकरीचं पोतं असतं, लाल कापडात शिवलेलं. शेकडो वर्षं त्याचा मोठा मान आहे. आमच्या घरी लोकरीच्या पोत्यावर सगळे बसायचे. कुत्रं पण."

ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे, हे वाक्य राज्यशास्त्राच्या कोणत्याही गाइडमध्ये पहिल्या पानावर असतं आणि तिथेच मरून पडलेलं असतं. सर ते जिवंत करत. आपल्या राज्यघटनेची जाड प्रत ते टेबलावर ठेवत. मग म्हणत, "आता ब्रिटनची," आणि रिकामा हात तितक्याच काळजीनं शेजारी टेकवत. मुलं हसली की एखाद्याला उठवत.

"कुठला रे तू?"

"तासगावकडचा, सर."

"लग्नात मुलीच्या मागं मामा उभा राहतो. कुठं लिहिलंय?"

"कुठं न्हाई, सर."

"आणि नाही उभा राहिला तर?"

"लय भांडणं हुतील."

"बस खाली. ही ब्रिटिश राज्यघटना."

असा न लिहिलेला पण पाळला जाणारा नियम म्हणजे संकेत, असं ते फळ्यावर लिहीत. मी चाळीस वर्षांत जेवढी व्याख्यानं ऐकली त्यातलं हे एक मला पाठ आहे, आणि ते तीन मिनिटांचं होतं.

निवृत्तीनंतर रोज अकराला ते ग्रंथालयात येत. पूर्वी तिकडची साप्ताहिकं बोटीनं आल्यासारखी तीन आठवडे उशिरा येत. पुढे मी त्यांना संगणकावर वर्तमानपत्रं उघडून देऊ लागलो. कोळशाच्या बंद खाणींच्या कुठल्याशा गावात पोटनिवडणूक लागली की सर दोन दिवस अस्वस्थ असत. सांगलीच्या महापालिकेत कोण निवडून आलं हे मात्र त्यांना दूधवाल्याकडून कळे. समारंभांची त्यांना मौज वाटे. कोणत्याही कार्यक्रमात ते घड्याळ लावून बसत आणि बाहेर पडताना निकाल सांगत, "सत्कार चाळीस मिनिटं, विषय आठ."

एकदा तिकडच्या मंत्रिमंडळात आपल्या वंशाचे दोन-तीन जण आले, तेव्हा आमच्या भागातले एक नगरसेवक पेढे घेऊन सरांकडे आले. बरोबर फोटो काढणारा होताच.

"सर, आता साहेबाच्या घरात आपली माणसं बसली. तुमच्यासारख्या जाणत्यानं दोन शब्द बोला."

"ह्यांचे आजे इकडून आफ्रिकेत गेले," सर म्हणाले. "वडील आफ्रिकेतून तिकडं गेले. आणि हे आता म्हणतात, यापुढं कुणी येऊ नये."

नगरसेवकांनी जरा विचार केला. "म्हंजे आपल्यासारखंच की. बसमध्ये चढल्यावर दार लावून घ्या म्हणायचं."

सरांनी पेढा उचलला. "माने," ते नंतर मला म्हणाले, "ह्या गृहस्थांना मी उगाच कमी लेखत होतो."

ब्रेक्झिटनंतरची वर्षं मात्र त्यांना जड गेली. तिकडे जे कधी कुणी करत नाही असं त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं, ते होऊ लागलं. संकेत मोडले जात होते आणि मोडणाऱ्यांना काही होत नव्हतं. पंतप्रधान तर इतक्या भराभर बदलले, की सरांनी वहीत नावं शाईऐवजी पेन्सिलनं लिहायला घेतली. एक दिवस पिवळ्या पडलेल्या टिपणांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"जुन्या मुलांना पत्रं पाठवायला हवीत. तुमचं उत्तर मी बरोबर धरलं होतं, ते चूक निघालं."

"सर, कुणी विचारायला येणार नाही."

"तीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले.

तोवर ते एकटे झाले होते. बायको दीर्घ आजारानं गेली. एकुलती मुलगी वैशाली परिचारिका. ती उत्तर इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका गावात वृद्धाश्रमात नोकरीला लागली. जावईही तिकडेच, मालाच्या गोदामात. तिथे त्यांना मुलगी झाली, आरोही. सर तिला आरू म्हणत. तिला त्यांनी फोनच्या पडद्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. विश्रामबागेतल्या घरात तीन खोल्या, त्यातली एकच वापरात. सकाळी एकदा चहा, एकदा भाकरी. संध्याकाळी सकाळचीच भाकरी. शेजारच्या काकू वाटी आणून देत, तर सर ती वाटी घासूनपुसून, आत चार शेंगदाणे का होईना घालून परत करत. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हेही कुठे लिहिलेलं नाही.

मंगळवारी दुपारी चारला ते ग्रंथालयात नसत. त्या वेळी तिकडे सकाळचा चहा होई. वैशालीच्या आश्रमात जॉर्ज नावाचे एक म्हातारे होते, रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. राजकारणावर बोलायला त्यांना कुणी सापडत नव्हतं. वैशालीनं परवानगी काढून फोन त्यांच्या टेबलावर उभा करून दिला, आणि इकडे सर कोट घालून बसू लागले. पहिले तीन आठवडे दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळलं नाही. सरांचं पुस्तकातलं, आणि जॉर्ज प्रत्येक शब्दातला ह गिळायचे.

"हा आमच्या लोणंदकडचाच दिसतो, अक्षरं गिळणारा," सर म्हणाले. एकदा हे लक्षात आल्यावर त्यांना सगळं कळायला लागलं. माझ्याशी बोलताना ते त्यांना जॉर्जराव म्हणत.

जॉर्जरावांनी युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. परक्यांची गर्दी फार झाली, असं त्यांचं म्हणणं. आणि हे ते वैशालीनं साल काढलेलं सफरचंद खाता खाता सांगत. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, नक्की काय हवं होतं? जॉर्ज म्हणाले, सगळं पूर्वीसारखं. सरांनी विचारलं, पूर्वी म्हणजे कोणत्या साली? जॉर्जनी एक साल सांगितलं. त्या साली तिकडे काही विशेष घडल्याचं सरांना आठवेना. "तेव्हा आमची मेरी होती," जॉर्ज म्हणाले.

"ह्या प्रश्नावर तिकडं कपाटं भरून पुस्तकं निघाली, माने," दुसऱ्या दिवशी सर मला सांगत होते. "मी त्यातली निम्मी वाचली. एकातही हे नाही."

आरू तीन वर्षांची झाली तेव्हा सरांनी ठरवलं, जायचं. एक महिना राहायचं, नातीला पाहायचं, जॉर्जरावांचा हात हातात घ्यायचा, आणि जमलं तर ते पोतं लांबून बघायचं. वैशालीला इतक्यात मोठी रजा काढून येणं शक्य नव्हतं. तिथे कायम राहण्याचा परवाना मिळायला तिला दीड वर्ष उरलं होतं, आणि तोवर ती नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. व्हिसाचा अर्ज मी ग्रंथालयातल्या संगणकावर भरला.

"आपल्यावर अवलंबून कोण आहे?" मी वाचलं.

"कुणी नाही."

"स्थावर मालमत्ता?"

"नाही."

मी थांबलो. "सर, घर आहे की."

"वैशालीच्या नावावर आहे. तिच्या आईची इच्छा होती. मी बक्षीसपत्र करून दिलं."

"आणि लोणंदची जमीन?"

"बिराच्या नावावर."

बिरा हा त्यांचा धाकटा भाऊ. आमच्याकडे हक्कसोडपत्र बहिणी करून देतात. सरांनी भाऊ असून करून दिलं होतं, नोकरी लागली त्याच वर्षी. "मला पगार होता, बिराला पाऊससुद्धा नव्हता," एवढंच ते त्याबद्दल सांगत. रान दोघांचं, नाव त्याचं, असं देवळाच्या पायरीवर ठरलं होतं. पुढे त्या माळाला कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पलीकडे कारखान्यांच्या शेड आल्या. सरांच्या नावावर काहीच आलं नाही, आणि त्यांना त्याची आठवणही नव्हती.

"मग काय लिहू?"

"खरं आहे ते लिहा."

शेवटी एक पत्र जोडायचं होतं. महिना संपल्यावर तुम्ही भारतात परत याल हे कशावरून, ते पटवून द्यायचं. दोन-दोन पानं लिहितात लोक. सरांनी स्वच्छ अक्षरात एक वाक्य लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: मी परत येईन, कारण येईन असं मी सांगितलं आहे.

"सर, एवढ्यानं भागणार नाही. पेन्शन, आजारपण, भाऊ, काहीतरी लिहू."

"त्यांना कळेल," सर म्हणाले. "त्यांचा अख्खा देश ह्याच्यावर चालतो."

मी ते पत्र बदलायला हवं होतं. ग्रंथपालाला सरांच्या वाक्यात भर घालायची सवय नसते, एवढंच माझं समर्थन.

पासपोर्ट परत घ्यायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. लिफाफा सरांनी तिथे फोडला नाही. परतीच्या गाडीत, जेजुरी मागे पडल्यावर, त्यांनी तो काळजीनं कडेनं फाडला, कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे दिला. नकार होता. सभ्य, मुद्द्यांना आकडे घातलेला. अर्जदार एकटा राहतो. त्याच्यावर कुणी अवलंबून नाही. भावाचा संसार वेगळा आहे. घर नाही, जमीन नाही. पेन्शन आहे, पण ते कुठेही राहून घेता येतं. जवळची सगळी माणसं ब्रिटनमध्ये आहेत. सबब, परत जाण्यासारखं अर्जदाराचं स्वतःच्या देशात काही आहे, याबद्दल आमची खात्री पटत नाही.

सर खिडकीबाहेर बघत होते.

"मसुदा चांगला आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "एकही विधान खोडता येत नाही."

नीरा आली तसे ते उठले आणि पिशवी काढू लागले. "लोणंदला उतरू. एकच कागद कमी पडतोय. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं की अर्ज पुन्हा करता येईल. नावापुरतं."

बिराप्पांचं घर आता स्लॅबचं होतं. अंगणात चार मेंढरं, शोभेपुरती. बिराप्पा उसाच्या सरीतून पाय न धुताच आले.

"आवं दादा, सांगून तरी यायचं. न्यायला आलो असतो की. आगं, दादा आल्यात, च्या टाक. गुळाचा."

त्यांच्या पत्नी सोनाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, वाकल्या. मुलगा समाधान पलीकडच्या कारखान्यात पाळीनं काम करायचा. तो बाजेवर बसून मोबाइल बघत होता, उठून उभा राहिला. सगळं प्रेमाचं होतं. बिराप्पांनी मला सांगितलं, "ह्यो माणूस शिकला म्हणून आमी हाय. न्हाईतर अजून मेंढराच्या मागं असतो."

"आजून काय येगळं करताय," सोनाबाई चुलीपासून म्हणाल्या. "उसाच्या मागं हाय."

"इलायतेला कवा निघायचं दादा?" बिराप्पांनी विचारलं. "तिकडं थंडी लय असती म्हणं. नवं घोंगडं देतो, आपल्या लोकरीचं."

"बिरा," सर म्हणाले, "सातबाऱ्याचं जरा काम होतं."

मी आयुष्यात अनेक शब्दांचा परिणाम पाहिला आहे. इतका झटपट कुठल्याच शब्दाचा पाहिला नाही. सोनाबाईंचा हात पातेल्यावर थांबला. समाधाननं मोबाइल पालथा ठेवला. कुणी काही वाईट बोललं नाही, तोंड वाकडं केलं नाही. फक्त त्या घरातली सगळी माणसं सरांकडे बघू लागली, आणि बिराप्पा जमिनीकडे.

"काय काम, काका?" समाधाननं विचारलं. आवाज आदराचा होता.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सोनाबाईंकडे. चहा उतू जायला आला होता.

"काही नाही रे. अर्जात विचारतात, घरची शेती किती. गट नंबर हवा होता."

समाधान आत गेला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून उतारा घेऊन आला. सरांनी चष्मा लावला. उत्तरपत्रिका तपासावी तसा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, बोट फिरवत. "बरोबर आहे," म्हणाले, आणि परत दिला. गट नंबर त्यांनी लिहून घेतला नाही. ते समाधानच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. सोनाबाईंनी चहा गाळला आणि पहिला कप सरांना दिला. बशीत दुधाची साय घातली होती.

बिराप्पा आम्हाला स्टेशनवर पोचवायला आले. गाडीला वेळ होता. फलाटावर बरंच चालून झाल्यावर ते म्हणाले, "दादा, तुमी कशाला आला हुता, मला कळलं."

सरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मागायचं हुतं. दिलं असतं मी."

"माहीत आहे," सर म्हणाले. "म्हणूनच मागितलं नाही. मी गेल्यावर तुला त्या घरात राहायचंय."

गाडीत सरांनी एकच गोष्ट सांगितली. ते नकाराचं पत्र वैशालीला दाखवायचं नाही. "बापाचं इथं कुणी नाही असं तिनं सरकारी कागदावर वाचलं, तर ती उद्या बॅग भरेल. दीड वर्ष राहिलंय तिचं." त्या रात्री त्यांनी तिला फोन करून सांगितलं, की डॉक्टर थंडीत जाऊ नका म्हणतात, वसंत ऋतूत बघू. वैशाली रागावली. दोन महिने तिनं तो विषय काढला की सर गुडघ्याचं काहीतरी सांगत. गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा चांगले होते.

खरी गोष्ट त्यांनी फक्त एका माणसाला सांगितली, जॉर्जरावांना. कारण त्यांच्या काही लक्षात राहत नसे. आठवडा गेला की कालचं आजचं एक होई. सरांनी एका मंगळवारी सांगितलं, जॉर्ज भडकले. हा अन्याय आहे, तुमच्या खासदाराला लिहा, म्हणाले. सरांनी सांगितलं की त्यांना तिकडे खासदार नाही. पुढच्या मंगळवारी जॉर्ज विसरलेले होते. सरांनी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तितकेच भडकले.

"ब्रिटिश जनमत माझ्या बाजूनं आहे, माने," सर मला म्हणाले. "दर मंगळवारी."

ते हसले. मी हसलो नाही. ह्या माणसाला आपलं दुःख सांगायला सात समुद्रापलीकडचा एक विसराळू म्हातारा शोधावा लागला, आणि मी रोज अकरा वाजता समोर बसत होतो. पण मला सगळं ठाऊक होतं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला काय सांगायचं, असं असेल.

एका मंगळवारनंतर जॉर्जरावांनी वैशालीकडे कागद आणि पेन मागितलं. हात थरथरतो म्हणून तिलाच लिहायला बसवलं. मजकूर त्यांनी सांगितला: माननीय खासदार महोदय, माझे एक मित्र आहेत, भारतात प्राध्यापक, त्यांना आपल्या देशानं मुलीला भेटायला येऊ दिलं नाही, आणि कारण असं दिलं आहे की त्यांचं तिकडे कुणी नाही. वैशालीनं एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाकी काही लक्षात न राहणाऱ्या त्या माणसाच्या लक्षात हे एक राहिलं होतं.

तिनं बापाला काही विचारलं नाही. बारा दिवसांची रजा काढली, मुलीला घेतलं आणि आली.

माझी तेव्हा साताऱ्याच्या महाविद्यालयात बदली झाली होती. जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी निरोप घ्यायला सरांकडे गेलो. वैशालीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "काका, हळू या," ती कुजबुजली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती हसत होती. "चार दिवस झाले, आरू त्यांच्याजवळ जातच नाही. लपते. म्हणते, हे कोण? माझे आजोबा फोनमध्ये असतात."

पुढच्या खोलीत सतरंजीवर ती मुलगी पालथी पडली होती, हनुवटीखाली दोन्ही हात, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन. तिची टकळी चालू होती, अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी. सांगलीला खूप ऊन आहे, इथे चिमण्या घरात येतात, आईनं तिला उसाचा रस दिला.

मी बोळातून मागच्या खोलीशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. सर खुर्चीत बसले होते, पाठ माझ्याकडे, एप्रिलच्या उन्हाळ्यात कोट घालून. हातातला फोन त्यांनी चेहऱ्यासमोर नीट धरला होता. पोरीचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि क्षणभरानं तोच पुन्हा फोनमधून.

"आजोबा, आम्ही सांगलीला आलोय," ती म्हणाली. "तुम्ही कधी येणार?"

"निघालोच," सर म्हणाले, आणि बसून राहिले.